दसरा-दिवाळीसाठी आंगणातली फुलं आणि घरचा फराळ

सणाची तारीख आधी बघायची, बियाणं आणि किराणा मग. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने तो २० ऑक्टोबरला येतो आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. सण अठरा-वीस दिवस पुढे सरकला की विदर्भात हवाच पालटलेली असते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला परतीचा पाऊस, ओली जमीन आणि दमट हवा. नोव्हेंबर लागला की दिवसा कोरडं ऊन आणि पहाटे दव. झेंडूचं बी कधी टाकायचं हे या तारखेवर ठरतं, आणि अनारशाचा तांदूळ कापडावर किती वेळ ठेवायचा हेही. गेल्या वर्षीच्या अंदाजाने यंदा काम केलं तर फुलं सणाआधीच येऊन जातात आणि अनारशाचं पीठ वाळून बसतं. म्हणून खालचे सगळे दिवस सणापासून मागे मोजले आहेत.

झेंडू

बाजारातल्या हायब्रीड झेंडूला बी टाकल्यापासून भरपूर फुलं यायला पंच्याऐंशी ते नव्वद दिवस लागतात. त्यातले पंचवीस रोपाचे, बाकीचे लागवडीनंतरचे. २० ऑक्टोबरपासून नव्वद दिवस मागे गेलं की २२ जुलै येतो. ढगाळ हवेत रोपं रेंगाळतात, म्हणून आठवडाभर हाताशी ठेवून १५ जुलैच्या आसपास बी टाका. दिवाळीसाठी वेगळी थोडी रोपं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टाकलेली बरी. दसऱ्याला फुलं तोडलेली झाडं दिवाळीतही फुलतात, पण फूल लहान होत जातं. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचे पुसा नारंगी आणि पुसा बसंती हे सरळ वाण आहेत, त्यांचं बी घरी धरता येतं. मात्र त्यांना फुलायला चार-साडेचार महिने लागतात, तेव्हा ते लावायचे असतील तर बी जूनमध्येच पडलं पाहिजे.

बऱ्याच घरी मागच्या दसऱ्याचं वाळलेलं तोरण आंगणात कुस्करून टाकतात. त्यातून चार-दोन रोपं उगवतातही, पण भरवसा ठेवू नये. बाजारात येणारं फूल बी पिकण्याआधीच तोडलेलं असतं, त्यामुळे त्यातलं बहुतेक बी पोचट निघतं. शिवाय ते हायब्रीड असलं तर पुढच्या पिढीत एक झाड कमरेएवढं, एक वीतभर आणि फुलं एकेरी पाकळीची. नवीन बियाणं घ्या. तीस-चाळीस झाडांना पुड्यातलं चिमूटभर बी पुरतं. उरलेलं बी पुडी घट्ट बंद करून कोरड्या डब्यात ठेवलं तर ऑगस्टच्या दुसऱ्या खेपेला चालतं.

आपल्याकडे खरी अडचण मातीची आहे. काळी कसदार जमीन कापसाला चांगली, पण जुलै-ऑगस्टच्या झडीत ती पाणी धरून बसते आणि झेंडूचं मूळ दोन-तीन दिवसांतच कुजायला लागतं. झाड दुपारी मान टाकतं, संध्याकाळी पाणी घातलं तरी उठत नाही, उपटलं तर खोड जमिनीलगत काळं आणि साल सुटलेली. त्याला पाणी कमी पडलं असं समजून आणखी पाणी घातलं जातं आणि शेजारचंही झाड जातं. उपाय लागवडीआधीच करायचा असतो. जमिनीपासून वीतभर उंच वाफा करा, त्यात दोन वाटे माती, एक वाटा चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक वाटा जाड रेती किंवा बारीक मुरूम मिसळा. शेणखत मुठीत घेतल्यावर गरम लागत असेल किंवा शेणाचा वास येत असेल तर ते अजून कुजलेलं नाही, ते वापरू नका. खतात किलोला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवलं तर मर, म्हणजे मूळ कुजून झाड जाणं, बरीच आटोक्यात राहते. ही पावडर कृषी सेवा केंद्रात मिळते. बरड जमीन असेल तर वाफा उंच करायची गरज नाही, तिथे उलट शेणखत दुप्पट लागतं.

बी ओळीत पेरा, बोटाच्या अर्ध्या पेराइतकंच खोल, आणि वर चाळलेलं खत भुरभुरा. वाफ्यावर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, रोवून त्यावर जुनी साडी ताणली की पावसाचा मार रोपांवर बसत नाही. उगवण चार-सहा दिवसांत दिसते. रोपं दाट झाली आणि माती सतत ओली राहिली की ती जमिनीलगत मुरगळून कोलमडतात. तेव्हा विरळणी वेळेवर करा आणि संध्याकाळी पाणी देऊ नका. चार-पाच पानांची, पेन्सिलच्या निम्म्या जाडीची रोपं झाली की लावायची. उंच वाढणाऱ्या झेंडूला दीड फूट अंतर, ठेंगण्या लाल-पिवळ्या जातीला एक फूट. लागवड दुपारी चारनंतर करा.

लागवडीनंतर पंचवीस-तीस दिवसांनी शेंडा खुडायचा. या एका कामावर फुलांची संख्या ठरते, आणि हेच काम जिवावर येतं म्हणून सोडून दिलं जातं. मुख्य शेंड्याचा दोन इंचांचा भाग नखाने किंवा कात्रीने काढला की खालच्या पानांच्या बेचक्यांतून सहा-आठ फांद्या फुटतात आणि प्रत्येकीला कळी येते. न खुडलेलं झाड उंच जातं, वर चार मोठी फुलं देतं आणि सप्टेंबरच्या वाऱ्यात आडवं होतं. खुडायला उशीर झाला आणि कळी दिसू लागली असली तर मग खुडू नका, कारण पहिली फुलं पंधरा-वीस दिवस पुढे जातील आणि दसरा हातचा जाईल. खुडलेले शेंडे फेकायचे नाहीत. खालची पानं काढून ते ओल्या रेतीत सावलीत खोचून ठेवले तर दहा-बारा दिवसांत मुळं धरतात. ही झाडं ठेंगणी राहतात, आईच्याच रंगाची निघतात आणि दिवाळीला नेमकी फुलतात.

आधारासाठी तुरीच्या तुराट्या उत्तम. झाड फुटाचं झालं की रोवा, नंतर रोवल्या तर मुळं तुटतात. खताचा सोस नको. युरियाची मूठ पडली की झाड हिरवंगार, पानांनी भरलेलं आणि फुलांना गरीब राहतं. जीवामृत पुरेसं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी ते गावोगाव पोचवलं, त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं प्रमाण दोनशे लिटर पाण्याचं आहे. आंगणापुरतं वीस लिटर करायचं तर एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. दोन दिवस सावलीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा, तोंड पोत्याने झाका आणि आठवड्याच्या आत संपवा. झाडाला एक मग, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या जमिनीत.

किडींपैकी दोन ओळखून ठेवा. कपाशीवरची हिरवी बोंडअळी झेंडूच्या कळीवर आवडीने येते. म्हणूनच शेतात कपाशीच्या कडेने झेंडू सापळा पीक म्हणून लावतात. आंगणात मात्र ती कळी पोखरून जाते. कळीला गोल छिद्र आणि खाली काळपट विष्ठा दिसली की कळी तोडून अळी मारा. चाळीस झाडांना रोज पाच मिनिटांचं काम आहे. दुसरी कीड लाल कोळी. पाऊस उघडून ऑक्टोबरचं ऊन तापलं की पानं धुरकट, पिवळसर दिसतात आणि खालून बारीक जाळं असतं. त्याला सकाळी पानांच्या खालच्या बाजूने जोराच्या पाण्याचा फवारा आणि नंतर निंबोळी अर्क. अर्धा किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळून दहा लिटर करा, त्यात थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा. वावरातलं कपाशीचं औषध पूजेच्या फुलांवर मारू नका. ही फुलं पोरंसोरं हाताळतात, नैवेद्याच्या ताटाशेजारी ठेवली जातात. आणि ज्या पंपातून तणनाशक मारलं तो पंप कितीही धुतला तरी फुलझाडांना लावू नका. पानं चिमटून, वेडीवाकडी होऊन झाड थांबतं आणि कारण शोधता सापडत नाही.

शेवंती

शेवंतीचं गणित निराळं. रात्र लांबायला लागली आणि सलग अंधार मिळाला की तिला कळी धरते. ऑक्टोबरातल्या दिवाळीला घरची शेवंती बहुधा कळीतच असते, नोव्हेंबरातल्या दिवाळीला ती भरात येते. आंगणात रात्रभर एलईडी दिवा जळत असेल किंवा रस्त्याच्या खांबाचा उजेड थेट झाडावर पडत असेल तर शेवंती नुसती पानांनी वाढते. ओळीतली चार झाडं फुलली आणि दिव्याजवळची दोन नाही, असं दिसलं तर कारण तेच. ऑगस्टच्या मध्यापासून कळ्या पक्क्या होईपर्यंत कुंड्या घराच्या अंधाऱ्या बाजूला हलवा, वाफ्यात असतील तर उजेडाच्या बाजूने पोतं बांधा.

लागवड जून-जुलैत मुनव्यांपासून, म्हणजे झाडाच्या बुडाशी फुटणाऱ्या कोंबांपासून करायची. चार आठवड्यांनी शेंडा खुडायचा, आणि फांद्या बोटभर झाल्या की पुन्हा एकदा. ऑगस्ट संपला की खुडणं बंद. पाणी नेहमी मुळाशी द्या. पानांवर पाणी राहिलं की खालच्या पानांपासून काळे ठिपके वर चढतात. ती पानं काढून जाळा, खतात टाकू नका. कळ्यांवर काळा मावा आला तर लिटरभर पाण्यात चमचाभर पातळ साबण घालून दोन दिवसांआड तीनदा मारा.

महालक्ष्म्यांचा फुलोरा

तळणाची खरी सुरुवात भाद्रपदात, फुलोऱ्यापासून, म्हणजे महालक्ष्म्यांवर टांगायच्या तळलेल्या पापड्या-करंज्यांपासून होते, आणि तो वर्षातला सर्वांत दमट काळ. फुलोरा तीन दिवस टांगून राहतो, म्हणून तो खुसखुशीतपेक्षा टणक हवा. पाव किलो मैदा, पाव किलो बारीक रवा, चिमूटभर मीठ आणि दोन मोठे चमचे कडकडीत मोहन. पीठ पाण्यातच भिजवा, दूध घातलं तर वास येतो. घट्ट मळून तासभर झाका. पापडीला काट्याने टोचे मारा, म्हणजे ती पुरीसारखी फुगणार नाही. दोरा ओवायचं भोक तळण्याआधीच, कडेपासून बोटभर आत, जाड काडीने पाडा. कडेला फार जवळ पाडलं तर टांगल्यावर पापडी तुटते, आणि सुईचं बारीक भोक तळताना बुजून जातं. वेणी-फणी, करंज्या सगळं मंद आचेवर गुलाबी होईतो तळा आणि दोरा दुसऱ्या दिवशी ओवा. गरम असताना ओवलं की भोकाभोवती तडा जातो. करंजीचं सारण पूर्ण थंड आणि कोरडं हवं, नाहीतर ती शिवणीत उकलते आणि अख्खं तेल काळं करते.

अनारसे: दहा दिवस आधी तांदूळ भिजवा

फराळात सर्वांत आधी सुरू होणारा आणि सर्वांत शेवटी तळायचा जिन्नस हा. जुना तांदूळ एक किलो घ्या, नव्या तांदळाचं पीठ चिकट होतं आणि अनारसा पसरतो. तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला. पाणी बदललं नाही तर नुसता आंबट वास नाही, तळल्यावर चवही आंबूस लागते. निथळलेलं पाणी फुलझाडांना घाला, फेकू नका.

चौथ्या दिवशी तांदूळ उपसून सुती कापडावर सावलीत पसरवा. घड्याळ इथे कामाचं नाही. दमट ऑक्टोबरात दोन-अडीच तास लागतात, कोरड्या नोव्हेंबरात तासाभरात तो हाताबाहेर जातो. मूठभर तांदूळ दाबून सोडा. दाणे तळव्याला चिकटले पण तळवा ओला झाला नाही, की थांबा. तसाच ओलसर तांदूळ मिक्सरमध्ये थोडाथोडा फिरवून मैद्याच्या चाळणीने चाळा. चक्कीवर नेऊ नका, ओलं पीठ जात्याला चिकटतं आणि तापतं. पिठाची मूठ वळली तर ती तशीच राहिली पाहिजे.

त्यात साडेसातशे ग्रॅम किसलेला साधा पिवळा गूळ आणि चार चमचे तूप. चिक्कीचा गूळ घेतला तर अनारसे दगड होतात. पीठ आणि गूळ मळून मोठे गोळे करा, डब्यात दाबून भरा आणि निदान पाच दिवस झाकून ठेवा. मुरताना गुळाला पाणी सुटतं आणि ते पीठ पिऊन घेतं. आधीच घट्ट वाटलं म्हणून पहिल्याच दिवशी पाणी घातलं तर सगळं बिघडतं.

तळायच्या दिवशी लागेल तेवढाच गोळा काढा. कोरडा वाटला तर पिकल्या केळ्याचा एक काप कुस्करून मळा. खसखशीवर बोटांनी पुरीएवढा थापा, खसखशीची बाजू वर ठेवून मध्यम तापलेल्या तुपात किंवा तेलात एकच सोडा. उलटायचा नाही. झाऱ्याने वर तूप उडवत राहा, जाळी आपोआप फुटते. तपकिरी झाला की काढून चाळणीत उभा ठेवा.

पहिला अनारसा नेहमी एकटा तळून बघा. तो तुपात विरघळून पसरला, म्हणजे हसला, तर ओल किंवा गूळ जास्त झाला. पिठात दोन-तीन चमचे कोरडी तांदळाची पिठी मळा, तासभर थांबा आणि पुन्हा एक टाका. जाळी न पडता तो चपटा, गुळगुळीत राहिला तर पीठ कोरडं आहे, केळं किंवा चमचाभर दूध लागेल. बाहेरून काळा आणि आत कच्चा, तर आच जास्त. हसणारं पीठ तसंच तळत बसलात तर कढईच्या तळाशी गुळाची राळ जमते आणि पुढचे सगळे अनारसे कडू होतात. तेव्हा आधी तूप गाळून घ्या.

चकलीची भाजणी

एक किलो तांदूळ, अर्धा किलो हरभरा डाळ, पाव किलो उडीद डाळ, शंभर ग्रॅम जाडे पोहे, पन्नास ग्रॅम धने, पंचवीस ग्रॅम जिरे. तांदूळ आणि डाळी धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, मग प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजा. डाळ तांबूस होईपर्यंत भाजायची नाही, हाताला गरम आणि वासाला खमंग लागली की पुरे. जास्त भाजली की पिठाला बांधणी राहत नाही. चक्कीवाल्याला सांगून तांदळाचं दळण झाल्यावरच आपली भाजणी टाका. गव्हानंतर लगेच दळली तर आत राहिलेली कणीक मिसळते आणि चकली चिवट होते. मिरची दळलेल्या चक्कीचं तर नावच नको.

अर्धा किलो भाजणीला चार मोठे चमचे कडकडीत तेल, दोन चमचे मीठ, दोन-तीन चमचे तिखट, दोन मोठे चमचे तीळ, चमचाभर ओवा. मोहन पिठात चोळा, मुठीत दाबल्यावर गोळा बनून हलक्या धक्क्याने फुटावा. मग वाटीभर भाजणीला पाऊण ते एक वाटी या हिशोबाने उकळतं पाणी घालून सराट्याने कालवा आणि झाकून अर्धा तास ठेवा. नंतर पाण्याच्या हाताने चांगलं मळा. मळण्यात कुचराई केली की सोऱ्यातून पडतानाच तुकडे पडतात. काटे सुंदर पण चकली तुटते तर पाणी कमी. काटेच उठत नाहीत तर पीठ सैल. कढईत गेल्यावर चकली विरघळून तेलात भुगा दिसला तर मोहन जास्त, त्याला मोहनाशिवायची थोडी भाजणी आणि गरम पाणी मिसळणं हा एकच इलाज. तळून कडक, दाताला न तुटणारी झाली तर मोहन कमी पडलं.

तेल आधी तापवा. पिठाची गोळी टाकली की ती क्षणभर तळाशी थांबून वर यावी. चकली सोडल्यावर आच मध्यम करा. सुरुवातीचे मोठे बुडबुडे कमी होत आले आणि तेल शांत झालं की आतलं पाणी गेलं, आता काढा. रंग बघून आधीच काढलेली चकली संध्याकाळपर्यंत मऊ पडते. दमट ऑक्टोबरात तर हे हमखास होतं. मऊ पडलेली चकली टाकून देऊ नका, मंद तेलात मिनिटभर पुन्हा फिरवून काढली की सावरते.

चिवडा

अर्धा किलो पातळ पोह्यांना दीडशे ग्रॅम फल्लीदाणे, शंभर ग्रॅम डाळवं, पाऊणशे ग्रॅम सुक्या खोबऱ्याचे काप, सात-आठ हिरव्या मिरच्या, दोन मुठी गोडलिंबाची, म्हणजे कढीपत्त्याची, पानं आणि दहा-बारा ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या. तेल सव्वाशे मिलिलिटर. फल्लीदाणे निवडताना सुरकुतलेले आणि बुरशीचा डाग असलेले दाणे बिनधास्त फेका. ते कडूही असतात आणि अपायकारकही.

पोहे चाळून दोन तास उन्हात ठेवा, ऊन नसेल तर जाड बुडाच्या गंजात थोडे थोडे घेऊन मंद आचेवर परता. पोहा बोटांत चुरला की झाला. आच वाढवली तर तो आकसून वेडावाकडा होतो. चिवडा मऊ पडतो तो पोह्यांमुळे कमी आणि मिरची-गोडलिंबामुळे जास्त. म्हणून दोन्ही आदल्या दिवशी धुऊन, पुसून, कापडावर वाळवा, आणि फोडणीत इतके तळा की पान बोटाने मोडलं की कुडकन तुटावं. लसूणही तसाच, पूर्ण कोरडा. फल्लीदाणे, खोबरं, डाळवं हे क्रमाने तळा, गॅस बंद करून मग हळद टाका, नाहीतर ती जळून रंग काळपट येतो. दोन चमचे मीठ, चमचाभर पिठीसाखर आणि धने-जिऱ्याची पूड फोडणीतच विरघळवा. वरून घातलेलं मीठ डब्याच्या तळाशी जाऊन बसतं. पोहे घातल्यावर सराटा न चालवता गंजाचे कान धरून हलवा.

लाडू आणि शंकरपाळ्यांना एवढी हवेची भीती नसते, ते आठवडाभर आधी उरकता येतात. चकली चार दिवस आधी, चिवडा तीन, अनारसे दोन. सगळं काही पूर्ण गार झाल्यावरच डब्यात. कोमट भरलेल्या डब्याच्या झाकणाला आतून घाम येतो आणि तो थेंब चिवड्यात पडतो. तळणीचं तेल गाळून ठेवा, आठ-दहा दिवसांत भाजीत संपवा. फेस येणारं, घट्ट झालेलं तेल मात्र वापरू नका.

फुलं तोडणं, तोरण आणि नंतरचं

दसऱ्याच्या दोन दिवस आधीपासून तोडता येतं. दव सुकल्यावर, सकाळी आठ-नऊच्या सुमारास, पूर्ण उमललेली फुलं थोड्या देठासह घ्या. ओली फुलं ढिगाने किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली की आतून तापतात आणि सकाळपर्यंत पाकळ्यांचा मध्य काळा पडतो. बांबूच्या टोपलीत ओलसर पोतं घालून, एका थरात, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा. पाऊस पडून गेला असेल तर फुलं आधी कापडावर पसरवून कोरडी करा. नीट खुडलेलं झाड एका तोडणीला आठ-दहा फुलं देतं, तेव्हा तीस झाडांत घराचं, गोठ्याचं आणि ट्रॅक्टरचं सगळं भागतं. आंब्याची पानं मध्ये घातली तर दरवाजाच्या तोरणाला वीस-पंचवीस फुलं पुरतात, नुसत्या फुलांच्या दाट माळेला मीटरमागे पस्तीस-चाळीस लागतात. सुई पाकळ्यांतून न घालता फुलाखालच्या हिरव्या बुडातून घाला, माळ दुसऱ्या दिवशीही गळत नाही.

तोडल्यावर त्याच संध्याकाळी झाडांना जीवामृत आणि पाणी द्या, सुकलेली फुलं देठासकट काढा. दिवाळीची तोडणी यावर अवलंबून आहे. सरळ वाण असेल तर दोन-तीन निरोगी झाडांवरची पहिली मोठी फुलं न तोडता तशीच वाळू द्या, बुडाशी काळं-पांढरं कडक बी दिसलं की कागदी पुडीत ठेवा, वर तारीख लिहा.

तुळशीच्या लग्नानंतर शेवंतीचा बहर ओसरला की झाड जमिनीपासून चार बोटांवर छाटा. फेब्रुवारीत बुडाशी मुनवे फुटतात, ते मुळांसकट वेगळे करून कुंड्यांत लावा. मार्च ते जून या कुंड्या पूर्वेच्या भिंतीला, दुपारच्या उन्हाआड, खाली ओलं पोतं घालून ठेवा आणि पाणी रोज थोडं पण सकाळीच द्या. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात उघड्यावर राहिलेली शेवंती जूनपर्यंत टिकत नाही.